विश्वास म्हणजे गप्प बसणं का? बायबलमधल्या स्त्रियांकडून काय शिकावं

महिला मंडळाची सभा संपल्यावर, उपवास-प्रार्थनेनंतरच्या चहाला किंवा कुणा आजारी बाईच्या भेटीला गेल्यावर काही प्रश्न हमखास कानावर येतात. "गोळ्या घेतल्या तर माझा विश्वास कमी पडला असं होईल का?" "माहेरच्या जमिनीत वाटा मागितला तर मंडळीतले लोक काय म्हणतील?" "नवरा हात उचलतो, पण सगळे सांगतात, प्रार्थना कर आणि सोस." "इतकी वर्षं प्रार्थना करते, तरी मला रडू का येतं?"

प्रश्न वेगवेगळे असले तरी त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. विश्वासी बाई म्हणजे मुकाट्याने सोसणारी, काही न मागणारी बाई, असं आपल्याला लहानपणापासून ऐकवलं गेलं आहे. बायबलमधल्या स्त्रियांच्या कथा मात्र वेगळंच सांगतात. त्या रडतात, प्रश्न विचारतात, हक्क मागतात, वाट शोधतात. देवावर भरवसा आहे म्हणूनच त्यांना खरं बोलायचं बळ येतं. तुमच्यापुढे आज जो निर्णय असेल त्यात या स्त्रियांची मदत कशी घ्यायची, ते इथे प्रसंगाप्रसंगाने पाहू.

आधी कथा वाचायची कशी?

बहुतेक गोंधळ अर्धवट वाचनातून होतो. म्हणून कोणत्याही स्त्रीची कथा वाचताना एवढं करा:

- एक वचन न घेता पूर्ण अध्याय वाचा. शक्य असेल तर मागचा आणि पुढचा अध्यायही.
- ती काय करते ते लिहून काढा. गेली, बोलली, थांबली, नाकारलं, मागितलं. तिच्याविषयी ऐकलेले गुण बाजूला ठेवा आणि तिची कृती पाहा.
- तिला कोण अडवतं आणि देव कुणाची बाजू घेतो, हे शोधा.
- शास्त्रात काय आहे आणि आपण काय ऐकत आलो, यांत फरक करा. मग्दालीया मरीया वेश्या होती असं कोणत्याही शुभवर्तमानात नाही. तिच्यातून सात भुतं निघाली आणि आपल्या पैशाने येशूची व शिष्यांची सेवा करणाऱ्या स्त्रियांत ती होती, असं लूक सांगतो (लूक ८:१-३). तिला वेश्या ठरवणारी समजूत पुढे ५९१ सालच्या पोप ग्रेगरी यांच्या प्रवचनातून रुजली.
- शास्त्रात घडलेलं सगळं शास्त्राला मान्य असतं असं नाही. दावीद राजाची मुलगी तामार हिच्यावर सावत्र भावाने अत्याचार केला आणि सख्ख्या भावाने तिला गप्प राहायला सांगितलं (२ शमुवेल १३). ते गप्प बसवणं पुढे त्या घराला किती महागात पडलं, ते पुढचे अध्याय सांगतात.

प्रार्थना करूनही मन जड असेल तर: हन्ना आणि नामी

हन्नाला मूल नव्हतं. तिची सवत पनिन्ना दरवर्षी शिलोच्या यात्रेत तिला डिवचायची. हन्ना रडायची, जेवायची नाही. नवरा एलकाना प्रेमळ होता, पण 'दहा मुलांपेक्षा मी बरा नाही का' अशी त्याची समजूत घालण्याची तऱ्हा होती. एका वर्षी ती उठली आणि मंदिरात जाऊन प्रार्थना करू लागली. ओठ हलत होते, आवाज ऐकू येत नव्हता. दाराशी बसलेल्या एली याजकाला वाटलं, बाई प्यालेली आहे. त्याने तिला झापलं.

इथे हन्ना काय करते ते बघा. ती मान खाली घालून निघून जात नाही. आपण द्राक्षारस घेतलेला नाही, आपण फार दुःखी आहोत आणि मन मोकळं करत आहोत, असं ती याजकाला आदराने पण स्पष्ट सांगते. एली चूक सुधारतो आणि तिला आशीर्वाद देतो. मग ती जाऊन जेवते आणि तिचा चेहरा उतरलेला राहत नाही (१ शमुवेल १:१८). तिचा मुलगा शमुवेल तेव्हा पोटातही नव्हता. उत्तर मिळण्याआधीच तिला बळ मिळालं होतं.

नामीचं दुःख आणखी जड. मवाबात नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले. बेथलेहेमला परत आल्यावर तिने गावातल्या बायकांना उघड सांगितलं की, देवाने माझं आयुष्य कडू केलं आहे. तिला कुणी अविश्वासी ठरवलं नाही. सून रूथने तिला उपदेशही केला नाही. ती सोबत राहिली आणि सातूच्या शेतात सरवा वेचून संध्याकाळी घरी धान्य आणलं.

यातून तुमच्यासाठी:

- देवापुढे तक्रार करायला घाबरू नका. गोड शब्दांचीच प्रार्थना ऐकली जाते असं नाही.
- तुमच्या दुःखाचा कुणी चुकीचा अर्थ लावला, मग ते पाळक असोत की फादर, तर नम्रपणे पण स्पष्टपणे दुरुस्त करा.
- शोकात असलेल्या घरी जाताना वचनांची यादी नेण्यापेक्षा जेवणाचा डबा न्या.
- दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि कामातला रस गेलेला असेल तर डॉक्टरांना भेटा. 'टेली-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. जगू नये असं वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. लगेच जवळच्या माणसाला सांगा आणि फोन करा.

आजारपणात: बारा वर्षं रक्तस्राव झालेली स्त्री

मार्कच्या पाचव्या अध्यायातली ही बाई अनेक वैद्यांकडे गेली होती, होतं नव्हतं ते खर्चून बसली होती आणि दुखणं वाढतच गेलं होतं. नियमशास्त्राप्रमाणे ती अशुद्ध, म्हणजे गर्दीत शिरायचीही तिला चोरी. तरी ती मागून आली आणि येशूच्या वस्त्राला शिवली. येशू याईराच्या मरणासन्न मुलीकडे घाईने निघाला होता, पण तो थांबला. ती थरथरत पुढे आली आणि तिने सगळी हकिकत सांगितली. सगळ्यांसमोर त्याने तिला मुलगी म्हणून हाक मारली.

या कथेवरून काही जण औषध बंद करायला सांगतात. कथेत तसं कुठेही नाही. ती वैद्यांकडे गेली म्हणून येशू तिला बोल लावत नाही. हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचा लेप यशया संदेष्ट्यानेच लावायला सांगितला (२ राजे २०:७), आणि पौलाचा सोबती लूक वैद्य होता (कलस्सै. ४:१४).

हे लक्षात ठेवा:

- प्रार्थना करा आणि गोळ्याही घ्या. मधुमेह, रक्तदाब, फिट, थायरॉइड, मानसिक आजार यांची औषधं डॉक्टरांना न विचारता थांबवू नका. बरं वाटलं अशी साक्ष देण्याआधी तपासणी करा.
- लाजेने दुखणं लपवू नका. दर तासाला पॅड भिजत असेल आणि असं काही तास चाललं असेल, चक्कर येत असेल, तर ताबडतोब दवाखान्यात जा. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, थोडंसं जरी दिसलं, तरी तपासणी हवीच.
- "तुझा विश्वास कमी पडला" असं रोग्याला कधीही म्हणू नका. आजाराच्या जोडीला अपराधाचं ओझं देण्याचा अधिकार कुणालाच नाही.
- उपवास जपून करा. गरोदरपणात, अंगावर पाजताना, इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असताना आधी डॉक्टरांना विचारा.

डोक्यावर कर्ज असेल तर: तेलाची कुपी असलेली विधवा

संदेष्ट्यांच्या मंडळातल्या एकाची ही बायको. नवरा मेला आणि सावकार दोन मुलांना गुलाम करायला दारात आला. ती अलीशा संदेष्ट्याकडे गेली. त्याने आधी विचारलं, घरात काय आहे? एका कुपीत तेल, एवढंच होतं. शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी आण, दार लाव आणि ओत, असं त्याने सांगितलं. भांडी भरल्यावर पुढची सूचना अगदी हिशेबी होती: तेल विक, देणं फेड, उरलेल्यावर मुलांना घेऊन जग (२ राजे ४:१-७).

या क्रमाप्रमाणे चाला:

1. देणं लपवू नका. विश्वासू माणसापुढे आकडा मांडा.
2. घरात काय आहे ते मोजा: कौशल्य, वस्तू, बचत गटातली शिल्लक.
3. शेजाऱ्यांची मदत मागायला लाजू नका. त्या विधवेने दारोदार जाऊन भांडी मागितली.
4. हातात पैसा आला की आधी देणं फेडा. एक कर्ज भागवायला दुसरं काढू नका.

आणखी एक गोष्ट जपा. अलीशाने त्या बाईकडून काही घेतलं नाही. पुढच्याच अध्यायात सेनापती नामान बरा झाल्यावर त्याने देऊ केलेल्या भेटीही अलीशाने नाकारल्या, आणि मागे धावत जाऊन त्या मागणाऱ्या गेहजी या त्याच्या चाकराला शिक्षा झाली. कुणी आशीर्वादासाठी, शाप काढण्यासाठी किंवा 'बी पेरा, दसपट मिळेल' असं सांगून पैसे मागत असेल तर तिथून उठा.

वाटा मागायचा असेल तर: सलाफहादाच्या मुली

महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. पाच बहिणी. वडील रानातल्या प्रवासात वारले, भाऊ नव्हता. त्या दर्शनमंडपाच्या दारापाशी मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या. मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का पुसावं, आम्हाला वतन द्या, असं त्यांनी मागितलं. मोशेने प्रकरण देवापुढे नेलं. मुलींचं म्हणणं बरोबर आहे, असा निकाल आला आणि तो सर्वांसाठी नियम झाला (गणना २७:१-११).

पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो. मोशे गेल्यावर, कनान देशात वाटण्या सुरू झाल्या तेव्हा या बहिणी पुन्हा एलाजार आणि यहोशवापुढे गेल्या आणि दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली. तेव्हा कुठे जमीन हाती आली (यहोशवा १७:३-६). निकाल मिळाला म्हणून ताबा मिळत नाही, हे त्यांना माहीत होतं.

आजचा कायदा काय म्हणतो?

- महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांत फरक नाही. मुलीचं लग्न झालं म्हणून तिचा हक्क जात नाही.
- वडील वारले आणि मागे पत्नी व मुलं असतील तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांना सारखं. समजा नऊ एकर जमीन आहे. मागे आई, दोन मुलगे आणि एक मुलगी आहेत. आईला तीन एकर, प्रत्येक मुलाला आणि मुलीला दोन-दोन एकर.
- वडिलांनी कायदेशीर मृत्युपत्र केलं असेल तर त्याप्रमाणे वाटणी होते. म्हणून मृत्युपत्राची प्रत मागा आणि साक्षीदार कोण आहेत ते पाहा.
- गोव्यात नियम वेगळा आहे. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या समान नागरी कायद्यानुसार मुलांचा राखीव हिस्सा असतो आणि मृत्युपत्राने साधारण निम्म्याच संपत्तीची मनाप्रमाणे वाट लावता येते.
- त्रावणकोरच्या ख्रिस्ती मुलींना १९२५ चा कायदा लागू होतो, हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये दिला. मेरी रॉय या एका बाईने दाद मागितली म्हणून तो अनेकींच्या कामी आला.

काय करावं?

- वडिलांची स्मरणसभा होऊन चार दिवस झाले नाहीत तोच कुणी हक्कसोडपत्र पुढे करतं. 'नुसती सही कर, तलाठ्याकडे द्यायचंय' असं सांगितलं जातं. न वाचता सही करू नका, कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नोंदलेलं हक्कसोडपत्र रद्द करणं फार अवघड जातं.
- सातबारा आणि फेरफाराचे उतारे काढा. वारसनोंदीत तुमचं नाव नसेल, तर मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.
- स्वखुशीने हिस्सा सोडायचा असेल तर सोडा, पण आपण किती आणि काय सोडतो आहोत हे कळल्यावर.
- स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा.

मंडळीतल्या थोरांनाही एक विनंती. वाटा मागणाऱ्या मुलीला 'लोभी' म्हणण्याआधी गणनाचा २७ वा अध्याय वाचा.

घरात मारहाण होत असेल तर: हागार

"हागारेला देवाने परत जायला सांगितलं, तूही परत जा." हे वाक्य किती बायकांना ऐकवलं गेलं आहे! ते उत्पत्तीच्या १६ व्या अध्यायावरून येतं. मालकीण साराय जाच करते म्हणून गरोदर दासी हागार रानात पळते, झऱ्यापाशी दूत तिला परत पाठवतो, आणि आपल्याला पाहणारा देव असं नाव हागार देवाला देते.

पण कथा तिथे संपत नाही. २१ व्या अध्यायात हागार मुलासह त्या घरातून कायमची बाहेर पडते. पाणी संपतं, मूल झुडपाखाली टाकून ती दूर बसून रडते. या वेळी देव तिला परत जा म्हणत नाही. तो तिला विहीर दाखवतो. ज्या घरात जाच आहे तिथे परत जाणं हीच देवाची इच्छा, असा नियम या कथेतून निघत नाही.

तुमच्यावर ही वेळ असेल तर:

- आधी जीव वाचवा. तातडीला ११२, महिला हेल्पलाइनला १८१. प्रार्थना सुरक्षित जागी जाऊनही करता येते.
- जखमा डॉक्टरांना दाखवा आणि खरं कारण नोंदवायला सांगा. कागदांच्या प्रती माहेरी किंवा मैत्रिणीकडे ठेवा.
- कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत संरक्षणाचा, राहत्या घरात राहण्याचा आणि खर्चाचा आदेश मागता येतो. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी तुम्हाला मनमानीने बाहेर काढता येत नाही.
- ख्रिस्ती विवाहांच्या घटस्फोट कायद्यात २००१ मध्ये दुरुस्ती झाली. त्याआधी पत्नीला केवळ क्रूरतेवर घटस्फोट मिळत नसे. आता क्रूरता हे स्वतंत्र कारण आहे.
- कॅथलिक भगिनींनी ध्यानात घ्यावं: चर्चच्या न्यायासनाने विवाह रद्द ठरवला तरी सरकारी कायद्याने तो संपत नाही. त्यासाठी न्यायालयाचा हुकूम लागतो.

समेट घडवू पाहणाऱ्यांनी नवऱ्यासमोर बसवून बायकोला 'काय झालं ते सांग' असं विचारू नये. तिच्याशी एकटीशी बोला. क्षमा करणं आणि मार खायला परत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोठा निर्णय घेताना: एस्तेर

यहुद्यांच्या कत्तलीचा हुकूम निघाल्यावर एस्तेर राणीने तीन दिवस उपास केला आणि इतरांनाही करायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती राजवस्त्रं घालून, न बोलावता राजासमोर गेली. तरी तिने पहिल्या मेजवानीत विषय काढला नाही, दुसऱ्या मेजवानीत काढला. तिच्याकडून तीन गोष्टी घ्या: एकटीने ठरवू नका, प्रार्थनेला शेवटची तारीख ठेवा आणि बोलण्याची वेळ व जागा निवडा. नोकरी सोडणं, मुलीचं लग्न, घर विकणं, कशालाही हे लागू आहे. 'अजून देवाचं उत्तर नाही' म्हणत वर्षानुवर्षं लांबणीवर टाकणं ही पुष्कळदा भीतीच असते.

मंडळीत सेवा करताना: मार्था, मरीया आणि पुढच्या

मार्था म्हणजे कामात गुंतलेली, कमी विश्वासाची, असा शिक्का बसला आहे. पण योहानाच्या ११ व्या अध्यायात भाऊ लाजर मेल्यावर तीच येशूला सामोरी जाते, तू इथे असतास तर, अशी तक्रार करते आणि तूच ख्रिस्त आहेस ही ठाम कबुलीही देते. तिची बहीण मरीया येशूच्या पायाशी शिकायला बसली, तेव्हा ती जागा येशूने तिच्याकडून काढून घेऊ दिली नाही. प्रिस्किल्लाने नवऱ्यासोबत अपुल्लोसारख्या विद्वानाला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला (प्रेषितांची कृत्ये १८:२६). आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

म्हणून मंडळात हे करून पाहा:

- चहा-नाश्त्याची पाळी लावा, पुरुषांसकट. त्याच त्या बायकांचा अभ्यास दरवेळी बुडता कामा नये.
- वचन वाचून समजावण्याची संधी प्रत्येकीला द्या. सुरुवातीला पाच मिनिटं पुरेत.
- दुसरीच्या विश्वासाला आपला वेग लावू नका. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो काही वर्षांनी, स्वतःची खात्री पटल्यावर घेतला.

चार आठवड्यांचा अभ्यास

1. पहिला आठवडा: १ शमुवेल १. प्रत्येकीने देवापुढे न बोललेली एक गोष्ट लिहावी. ती कुणालाही दाखवायची सक्ती नको.
2. दुसरा: मार्क ५:२१-४३. गावातल्या डॉक्टर किंवा परिचारिकेला बोलवा आणि हिमोग्लोबिनच्या तपासणीची सोय करा.
3. तिसरा: गणना २७ आणि यहोशवा १७. विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांना बोलवा. सातबारा कसा वाचायचा ते शिका.
4. चौथा: उत्पत्ति १६ आणि २१. शेवटी १८१, ११२, १५१०० आणि १४४१६ हे क्रमांक प्रत्येकीच्या फोनमध्ये भरून घ्या.

अभ्यासात कुणी आपली गोष्ट सांगितली तर ती त्या खोलीबाहेर जाऊ देऊ नका. प्रार्थनाविनंतीच्या नावाखाली सुद्धा नाही. आणि तुमची स्वतःची गोष्ट वरच्यांपैकी एखाद्या प्रसंगाशी जुळत असेल तर सगळे उपाय एकदम करत बसू नका. ज्या माणसाला आज सांगायला हवं, त्याला सांगा. पाच बहिणींनीही सुरुवात एवढ्यापासूनच केली होती.